अझेलिया (परसबागेतील लागवड)

अझेलिया हे एरिकेसी कुलातील ऱ्होडोडेंड्रॉन या प्रजातीमधील फुलझुडपांच्या एका गटाला बागकामात दिलेले नाव आहे. झुडूप बुटके आणि दाट फांद्यांचे असते. बहर आला की पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या, शेंदरी किंवा लाल फुलांनी ते इतके झाकून जाते की पाने दिसेनाशी होतात. या बहरामुळे पूर्व आशिया, युरोप व अमेरिका येथील बागांत अझेलियाला मानाचे स्थान आहे. भारतात ते मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येकडे आणि निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागात लावले जाते. आम्लधर्मी जमीन, क्षाररहित पाणी आणि थंड हिवाळा या तीन गोष्टी त्याला हव्या असतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात या तिन्हींचा कमी-अधिक अभाव असल्याने येथील लागवडीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रस्तुत लेखात सांगली जिल्ह्यातील विटा व त्याच्या आसपासचा अवर्षणप्रवण टापू डोळ्यांसमोर ठेवून हा विचार केला आहे.

नाव आणि वर्गीकरण

कार्ल लिनियसने १७५३ साली अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या. अझेलिया हा शब्द कोरडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. ही झुडपे कोरड्या जमिनीत वाढतात, असा त्या नावामागचा समज होता. मुळाशी सतत ओल मागणाऱ्या वनस्पतीला इतके विसंगत नाव क्वचितच मिळाले असेल. पुढे १८३४ मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने अझेलियाचा समावेश ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये केला आणि आज तोच मान्य आहे. त्यामुळे अझेलिया हे शास्त्रीय नाव उरलेले नाही, ते बागाईतदारांच्या बोलण्यातले नाव आहे.

ऱ्होडोडेंड्रॉन या नावाचीही गंमत आहे. त्याचा ग्रीक अर्थ 'गुलाबाचे झाड' असा होतो आणि प्राचीन काळी ते नाव कण्हेरीला लावले जात असे. हिमालयातील आजचा ऱ्होडोडेंड्रॉन आणि आपल्या अंगणातील कण्हेर यांचा कुळाने काहीही संबंध नाही. पठारी महाराष्ट्रात मात्र अझेलियाची जागा भरून काढू शकणाऱ्या झुडपांत कण्हेरच पहिली येते.

ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीत सुमारे एक हजार जाती आहेत. भारतात त्यांपैकी सुमारे ऐंशी आढळतात व त्यांतील बहुतेक पूर्व हिमालयात आहेत. नेपाळचे राष्ट्रीय फूल आणि उत्तराखंडाचा राज्यवृक्ष असलेला बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम) याच प्रजातीतला. त्याचाच एक उपप्रकार निलगिरी, अन्नमलई व पळणी डोंगरांवर उगवतो. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील भागात मात्र या प्रजातीची एकही जाती निसर्गतः आढळत नाही. बागेतील सदाहरित अझेलिया हे प्रामुख्याने चीन, तैवान व जपान येथील जातींपासून तयार झालेले संकर आहेत. कुंडीत विकल्या जाणाऱ्या वाणांचे मूळ बहुतांशी ऱ्होडोडेंड्रॉन सिम्साय या जातीत सापडते. पानझडी अझेलियांचा दुसरा गट उत्तर अमेरिका, युरोप व आशियातील समशीतोष्ण प्रदेशातला आहे. त्याला कडाक्याची थंडी लागते, म्हणून महाराष्ट्रापुरता तो बाजूला ठेवलेला बरा.

इतिहास

जपानमध्ये अझेलियाची जोपासना फार जुनी आहे. एदो येथील रोपवाटिकाकार इतो इहेई याने १६९२ साली केवळ याच झुडपांच्या वाणांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. क्युशू बेटावरील कुरुमे या गावी एकोणिसाव्या शतकात लहान पानांचे व लहान फुलांचे वाण निपजले. अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-संग्राहकाने १९१८ साली ते पाहून त्यांतील निवडक पन्नास वाण अमेरिकेत पाठवण्याची व्यवस्था केली. युरोपात बेल्जियममधील गेंट शहराच्या परिसरात कुंडीतील अझेलियाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉनची ओळख पाश्चात्त्य जगाला करून देण्याचे श्रेय बव्हंशी जोसेफ डाल्टन हूकर याच्याकडे जाते. सिक्कीममधील त्याच्या भ्रमंतीवर आधारलेला सचित्र ग्रंथ १८४९ ते १८५१ या काळात प्रकाशित झाला.

मुळांची रचना

अझेलियाच्या लागवडीतील बहुतेक यशापयश मुळांच्या रचनेत दडलेले आहे. या कुलातील झुडपांच्या मुळांना इतर वनस्पतींसारखे मूलरोम नसतात. केसाहूनही बारीक तंतुमुळांचे एक जाळे जमिनीच्या वरच्या थरात पसरते आणि त्या मुळांत वस्ती करणारी एक बुरशी त्यांना पालापाचोळ्यातील अन्न मिळवून देते. मूळ अधिवासात ही झुडपे डोंगरउतारावर, कुजत्या पानांच्या जाड थरात वाढतात. तेथे पाऊस चुना व क्षार धुऊन नेत असतो आणि आम्लता कायम राहते. अशा मातीत लोह विरघळलेल्या रूपात भरपूर असते. ते शोधून खेचून घेण्याची वेगळी क्षमता या झुडपाला कधी लागलीच नाही.

मातीची आम्लता सामू या एककात मोजतात. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर विम्लधर्मी. अझेलियाला ४.५ ते ६ या दरम्यानचा सामू मानवतो. पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ असतो. आकडे जवळचे वाटले तरी हे माप घातांकी आहे. सामू ८ आणि सामू ५.५ यांतील आम्लतेचा फरक तीनशे पटींहून अधिक भरतो.

दोन जिल्हे, दोन जमिनी

सातारा व सांगली या जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत हवा आणि माती दोन्ही पालटतात. पश्चिमेला महाबळेश्वर, पाचगणी, कास आणि कोयनेच्या खोऱ्यालगतचे माथे आहेत. तेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माथ्यावर जांभा खडक आहे. पावसाने चुना धुऊन गेलेली ही तांबूस माती आम्लधर्मी असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पिकते तीही किंचित आम्लधर्मी जमिनीत व थंड हवेत. पाण्याचा निचरा आणि मुसळधार पावसापासून थोडा आडोसा एवढे साधले, तर या पट्ट्यात अझेलिया थेट जमिनीत लावता येते.

पूर्वेला खटाव, माण, खानापूर, आटपाडी आणि जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण याच टापूत आहे. येथे पाऊस थोडा व बेभरवशाचा, उन्हाळा कडक आणि हवा कोरडी. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या व मध्यम काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. कूपनलिकांचे पाणी सहसा जड असते. टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी या भागात पोहोचले आणि शेतीचे चित्र बरेच बदलले, पण मातीतील चुना त्यामुळे कमी होत नाही.

विट्याचे आणि खानापूर-आटपाडीचे अनेक लोक सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थायिक झाले आहेत. परगावाहून येताना शोभेचे रोप आणण्याची हौस अशा कुटुंबांत असणे स्वाभाविक आहे. थंड हवेच्या ठिकाणी फुललेले अझेलिया मोहक दिसते आणि शहरांतील रोपवाटिकांतही हिवाळ्यात ते बहरलेल्या अवस्थेत विकायला ठेवलेले असते. गावी आणून ते काळ्या मातीत लावले की महिन्या-दोन महिन्यांत नवी पाने पिवळी पडतात आणि उन्हाळा संपण्याच्या आत झुडूप वाळते. दोष बहुधा रोपाला किंवा विकणाऱ्याला दिला जातो, पण खरे कारण मातीत आणि त्याहून अधिक पाण्यात असते.

केवडा

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहणे, या लक्षणाला शेतकरी केवडा म्हणतात. ऊस आणि द्राक्ष घेणाऱ्यांना तो चांगला परिचित आहे. त्याचे कारण लोहाची कमतरता हे आहे, परंतु मातीत लोह नसते असे नाही. बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह मुबलक असते. चुन्यामुळे ते अविद्राव्य रूपात अडकून पडते आणि मुळांना घेता येत नाही. ऊस काही काळाने सावरतो. द्राक्षाला खुंटाचा आधार देता येतो आणि या भागातील बागाईतदार डॉगरीज खुंटावर कलमे बांधतातच. जर्मनीत ऱ्होडोडेंड्रॉनसाठीही चुना सहन करणारा 'इन्कार्हो' नावाचा खुंट तयार करण्यात आला आहे. सामान्य अझेलिया मात्र स्वतःच्याच नाजूक मुळांवर उभे असते.

अशा वेळी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. चुनखडीयुक्त जमिनीत ते काही दिवसांतच गंजासारख्या तांबूस पदार्थात बदलते व निरुपयोगी होते. पानांवर हलकी फवारणी (लिटरला १ ते २ ग्रॅम, ढगाळ वेळी किंवा सायंकाळी) केल्यास पाने काही आठवडे हिरवी होतात, परंतु पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. चिलेटयुक्त लोह अधिक टिकते. त्यातही ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू ६.५ च्या वर फारसे काम देत नाही, तेथे ईडीडीएचए प्रकारचेच लागते. हे सगळे उपाय लक्षणावरचे आहेत.

जमिनीचा सामू उतरवण्याचा हिशेब

गंधक घालून जमीन आम्लधर्मी करावी, असे बागकामाच्या परदेशी पुस्तकांत सांगितलेले असते. चुना नसलेल्या जमिनीत ते शक्य आहे. चुनखडीच्या जमिनीत त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घेतल्यास त्यात साधारण पावणेतीनशे किलो माती मावते. त्या मातीत शेकडा पाच चुना धरला तर तो १४ किलोच्या आसपास होतो. एक किलो चुनखडी निष्प्रभ करण्यास सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागते. म्हणजे एका खड्ड्याला साडेचार किलो गंधक, आणि तेही जिवाणूंनी त्याचे आम्लात रूपांतर करेपर्यंत महिनोन्‌महिने थांबून. इतके करूनही भोवतालच्या जमिनीतून आणि घातलेल्या पाण्यातून चुना खड्ड्यात परत येतच राहतो. खड्ड्यातील माती बदलून बाहेरची घातली तरी तेच घडते, फक्त एक-दोन वर्षे उशिरा. म्हणून विट्यासारख्या ठिकाणी अझेलिया जमिनीत लावू नये, हे निःसंदिग्धपणे सांगता येते. ते जगवायचे तर कुंडीतच.

कुंडी आणि भरण

कुंडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी. सिमेंटच्या कुंडीतून चुना पाझरतो, म्हणून ती वर्ज्य. मातीची कुंडी उन्हाळ्यात मुळे थंड ठेवते, पण लवकर सुकते. मुळे उथळ असल्याने खोल कुंडीपेक्षा पसरट, दहा ते बारा इंच तोंडाची कुंडी सोयीची. नुकत्याच चुना दिलेल्या किंवा सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतीला खेटून ती ठेवू नये.

भरणात शेतातील माती अजिबात नसावी. धुतलेले कोकोपीट दोन भाग, पूर्ण कुजलेले पानांचे खत एक भाग आणि निचऱ्यासाठी झाडाच्या सालीचे बारीक तुकडे किंवा परलाइट एक भाग, असे मिश्रण चालते. कोकोपीटमध्ये नारळाच्या सोडणातील क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी भिजवून पिळून घ्यावे. ही धुलाई टाळल्यामुळे रोपे गेल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. जांभ्याची माती रोपवाटिकेतून मिळाल्यास कोकोपीटचा काही भाग कमी करून ती घालता येते, परंतु डोंगरावरून किंवा वनजमिनीतून माती उकरून आणणे बेकायदा आहे आणि गैरही. विट्याच्या परिसरात मिळणारा तांबूस मुरूम हा जांभा नव्हे. तांबडा रंग लोहाचा असतो, आम्लतेचा नसतो. मुरमावर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकून फेस आला तर त्यात चुना आहे असे समजावे.

शेणखत आपल्याकडे सर्व झाडांना चालते अशी समजूत आहे. अझेलियाच्या बाबतीत ते बेताने, चांगले कुजलेले आणि तळहातभरच घालावे, कारण त्यातील क्षार तंतुमुळांना जाचतात. राख, अंड्याची टरफले, हाडांचा चुरा आणि चुना यांपैकी काहीही घालू नये. एरवी बागेत उपयोगी ठरणाऱ्या या वस्तू येथे सामू वाढवतात. वापरलेल्या चहाच्या पत्तीने माती आम्लधर्मी होते हा समजही खरा नाही. उकळून झालेल्या पत्तीत आम्लता नावापुरतीच उरते. तिचा उपयोग आच्छादनापुरता आहे.

रोप कुंडीत लावताना खोडाचा जुना मातीचा गोळा कडेच्या पातळीपेक्षा किंचित वर राहील असे पाहावे. खोल गाडलेले अझेलिया गुदमरते. वर पाल्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे दोन इंचांचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. मुळे वरच्या थरात असल्याने खुरपणी करू नये, तण हातानेच उपटावे.

पाणी

भरण कितीही आम्लधर्मी केले तरी जड पाणी देत राहिल्यास वर्षभरात ते विम्लधर्मी होते. पाण्यातील बायकार्बोनेट दर सिंचनाबरोबर थोडीथोडी आम्लता खाऊन टाकते. घरात किटलीच्या तळाशी किंवा पाणी तापवण्याच्या बंबात जमणारा पांढरा थर हा त्याचा ढळढळीत पुरावा. हाच थर कुंडीच्या कडेला आणि मातीवर दिसू लागला की झुडपाचे दिवस भरत आले असे समजावे. म्हणून पठारावर अझेलिया लावू इच्छिणाऱ्याने आधी पाण्याची सोय पाहावी, रोप मागाहून आणावे.

सर्वांत चांगले पाणी पावसाचे. ते अवर्षणप्रवण भागातही साठवणे शक्य आहे. दहा इंची कुंडीतील झुडपास हवामानानुसार दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, ऐन उन्हाळ्यात त्याहून अधिक. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचे सुमारे २३५ दिवस धरले तर एका कुंडीला १२० ते १८० लिटर पाणी पुरवावे लागते. म्हणजे एका कुंडीमागे दोनशे लिटरचे एक पिंप. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस झाला की शंभर लिटर पाणी पागोळ्यांतून उतरते. गळती आणि पहिल्या पावसाचे टाकून द्यायचे घाणेरडे पाणी वजा केले तरी तीन-चार चांगल्या सरींत पिंप भरते. पिंपाचे तोंड फडक्याने घट्ट बांधावे, म्हणजे डास होणार नाहीत, आणि ते सावलीत ठेवावे. सिमेंटच्या हौदात साठवलेल्या पावसाच्या पाण्यातही चुना उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

पावसाचे पाणी संपल्यास आर.ओ. यंत्रातून आलेले शुद्ध पाणी किंवा वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी चालते. आर.ओ. यंत्र बाहेर टाकते ते पाणी मात्र मुळीच देऊ नये, कारण मूळ पाण्यातील सारे क्षार त्यात एकवटलेले असतात. वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घालण्याची सवय चांगल्या हेतूची असली, तरी अझेलियाला ती मारक ठरते. जड पाण्यात लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) मिसळून त्याचा सामू ५.५ ते ६ पर्यंत उतरवता येतो. बायकार्बोनेट लिटरला ३०० मिलिग्रॅम असल्यास त्यासाठी लिटरमागे पाव ते अर्धा ग्रॅम लागते. नेमके प्रमाण सामूपट्टीने तपासून ठरवावे. हा उपाय तात्पुरता आहे, कारण कुंडीतील जिवाणू लिंबूसत्त्वाचे विघटन करतात आणि गेलेली विम्लता काही अंशी परत येते. बॅटरीतील आम्ल घरी हाताळण्याच्या फंदात पडू नये.

ज्या गावाने टँकरची वाट पाहिली आहे, तेथे शोभेच्या झुडपावर किती पाणी खर्चावे हा प्रश्न टाळता येत नाही. पत्र्यावरून वाहून जाणारे पाणी अडवून त्यावर दोन कुंड्या जोपासणे हे एक, आणि अंगणभर अझेलियाचा ताटवा करणे हे दुसरे. पहिले हौस म्हणून समर्थनीय आहे. दुसरे या भूमीत शहाणपणाचे नाही.

जागा आणि ऋतुमान

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर सावली ही आदर्श जागा. घराची पूर्व किंवा उत्तर बाजू, आंब्यासारख्या दाट झाडाची सावली किंवा हिरव्या जाळीचा आडोसा उपयोगी पडतो. पश्चिमेचे ऊन आणि उन्हाळ्यातील कोरडे वारे यांपासून झुडूप वाचवावे लागते. तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की वाढ थांबते व पानांच्या कडा करपतात. विट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा याहून बराच वर असतो. या दोन महिन्यांत ओल्या वाळूच्या परातीत विटांवर कुंडी ठेवणे, दुपारी भोवतालची जमीन शिंपडणे आणि सायंकाळी पानांवर पावसाच्याच पाण्याचा तुषार देणे, यांनी झुडूप तग धरते. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये, कारण उष्ण हवेत साचलेल्या पाण्याने मूळकूज होते.

हिवाळ्याबाबत पठाराची स्थिती तितकी निराशाजनक नाही. कळ्या धरल्यानंतर त्या उमलण्यासाठी अझेलियाला काही आठवडे थंडी लागते. व्यापारी उत्पादक यासाठी झुडपे १० अंशांखालील तापमानात चार ते सहा आठवडे ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत विट्याच्या रात्री चांगल्याच गार असतात, पण दिवस तापतो. त्यामुळे थंडीचा कोटा अर्धवट भरतो आणि बहर एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो. या काळात कुंडी रात्री मोकळ्या आभाळाखाली, भिंतीपासून दूर ठेवावी. कळ्या दिसत असताना पाणी तुटू देऊ नये, नाहीतर त्या तपकिरी होऊन गळतात. फुललेल्या झाडाच्या चित्रांशी तुलना करून खट्टू होण्यात अर्थ नाही.

खत व छाटणी

जून ते सप्टेंबर या वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा लिटरला एक ग्रॅम अमोनियम सल्फेटचे पाणी पुरते. अमोनियमच्या रूपातील नत्र घेताना मुळे भोवतालची माती किंचित आम्लधर्मी करतात. नायट्रेटयुक्त खतांचा परिणाम नेमका उलट होतो. खत नेहमी ओल्या कुंडीत द्यावे. फुलोऱ्यात आणि उन्हाळ्यात खत बंद ठेवावे.

पुढच्या वर्षाच्या कळ्या पावसाळ्यात, त्या हंगामातील नव्या फुटव्यांच्या टोकांवर धरतात. म्हणून छाटणी फुले संपताच, उशिरात उशिरा मार्चच्या मध्यापर्यंत, आणि तीही हलकी करावी. दिवाळीच्या सुमारास बाग नीटनेटकी करताना कात्री फिरवली, तर त्या वर्षाचा बहर कापला जातो. सुकलेली फुले बोटांनी खुडावीत. कुंडी बदलायची असल्यास पहिला पाऊस झाल्यावर, दोन-तीन वर्षांतून एकदा बदलावी.

नवी रोपे पावसाळ्यात अर्धवट पिकलेल्या फांद्यांच्या छाटांपासून किंवा दाब कलमाने तयार होतात. छाट मुळे धरण्यास दोन महिने व कधी अधिक काळ घेतात आणि त्यांना दमट, झाकलेले वातावरण लागते. कोरड्या हवेत लाल कोळी पानांचा रस शोषतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास कडुनिंबाचे तेल, एवढ्याने तो आटोक्यात राहतो.

विषारीपणा

अझेलियाची पाने, फुले व मध यांत ग्रायानोटॉक्सिन गटातील विषारी द्रव्ये असतात. ती खाल्ल्यास लाळ गळणे, उलट्या, अशक्तपणा, रक्तदाब उतरणे व हृदयाचे ठोके मंदावणे ही लक्षणे दिसतात. शेळ्या-मेंढ्यांना हे विष विशेष बाधते. माण-खानापूर टापूत घरोघरी शेळी असते आणि कुंडीतले हिरवे झुडूप उन्हाळ्यात तिच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे कुंडी तिच्या व लहान मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावी आणि छाटलेल्या फांद्या गव्हाणीत किंवा उकिरड्यावर उघड्या टाकू नयेत. विषबाधेची शंका आल्यास घरगुती उपायात वेळ न दवडता डॉक्टर अथवा पशुवैद्य गाठावा. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर ऱ्होडोडेंड्रॉनच्या मधाने ग्रीक सैनिक लोळागोळा झाल्याची हकिगत झेनोफोनने नोंदवली आहे. उत्तराखंडात बुरांसच्या पाकळ्यांचे सरबत करतात, त्यावरून बागेतील अझेलियाची फुले खाण्याजोगी आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

पर्यायी झुडपे

ज्यांना इतकी यातायात नको आहे, त्यांच्यासाठी चुनखडीची जमीन व जड पाणी सोसून भरभरून फुलणारी झुडपे या भागात आहेतच. लाल, गुलाबी व पांढरी कण्हेर जवळजवळ बारमाही फुलते, पण तीही विषारी आहे आणि शेळीबाबतचा इशारा तिलाही लागू पडतो. अझेलियाच्या रंगांची उधळण हवी असेल तर बोगनवेल. तिला उन्हाळ्याआधी पाण्याचा ताण दिला की पाने झडून ती रंगीत छदांनी मढते, म्हणजे जो कोरडेपणा अझेलियाला मारतो तोच तिला फुलवतो. कुंडीतच काही ठेवायचे असल्यास अडेनियम लावावे. जाड बुंध्यात पाणी साठवणारे हे झुडूप आठवड्यातून एक-दोनदा पाणी मिळाले तरी गुलाबी फुले देते आणि सातारा-सांगलीच्या पूर्व भागातील ऊन त्याला मानवते. त्याचा चीकही विषारी असतो. सुवास हवा असेल तर मोगरा उत्तम, मात्र त्यालाही चुनखडीत थोडाफार केवडा पडतो आणि तेव्हा हिराकसाची फवारणी खरोखर उपयोगी ठरते.